उशिरा आलेल्या बाईची गोष्ट

सांगवीच्या कचरू आबांना निवांत टेकलेलं कधी कुणी पाहिलं नाही. जेवायला बसले तरी एक गुडघा उभा, मधेच कुणी हाक मारली तर ताडकन उठता यावं म्हणून. चहा प्यायचे तो अंगणात येरझाऱ्या घालत. साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभी हयात काढली, आणि निवृत्त झाले तेव्हा त्यांची खुर्ची दुकानातून आणल्यासारखी कोरी होती. "ह्यांच्यासंगं संसार म्हंजी चालत्या एष्टीत सैपाक," असं त्यांची बायको कौसल्या म्हणायची. सैपाक चांगला झाला होता, हेही तिच्या तोंडावर दिसायचं.

अंगातल्या या वळवळीचं वर्षातले तीन महिने मात्र सोनं व्हायचं.

आषाढी पौर्णिमेला पावसाळ्याचा वर्षावास बसला की सांगवीच्या विहारात रोज दिवेलागणीला बुद्धचरित्राचं ग्रंथवाचन सुरू व्हायचं आणि अश्विनी पौर्णिमेला खिरीच्या पातेल्यापाशी संपायचं. त्रिसरण-पंचशील झालं की पांढऱ्या कापडातून ग्रंथ निघे. दुसऱ्या गावांत वाचणारा चौरंगामागं मांडी घालतो, ओळीवर बोट ठेवतो आणि वाचतो. कचरू आबा उभे राहायचे. ग्रंथ डाव्या तळव्यावर मिटलेला, एक बोट पानात अडकवलेलं आणि डोळे समोरच्या माणसांवर. मग चालायला लागायचे. राजाचा आवाज पोटातून, प्रधानाचा नाकातून. एखादा भिक्खू अरण्यातून निघाला की आबा खांबाआडून यायचे, आणि पहिल्या रांगेतल्या पोरी खरोखरच पाय आखडून त्याला वाट द्यायच्या. रंग, पडदा, पेटी-तबला हाताशी असून भल्याभल्यांना जे साधत नाही, ते हा माणूस चाळीसच्या बल्बखाली साधायचा. इतक्या वर्षांत ग्रंथ त्यांना तोंडपाठ झालाय असं गाव समजायचं. आबाही तसंच समजायचे.

सगळ्यांची लाडकी गोष्ट होती ती उशिरा आलेल्या बाईची. भाद्रपदात केव्हातरी तिची पाळी यायची. तथागतांचं प्रवचन रंगात आलंय, माणूस माणसाला चिकटून बसलाय, आणि शेतातली एक कामकरी बाई धावत येते. पाय चिखलानं भरलेले, हातात खुरपं तसंच. दारातले लोक म्हणतात, आता काय राहिलंय बाई, अर्धं संपलं, बस तिथंच चपलांपाशी. तथागत बोलायचे थांबतात. म्हणतात, "सरका. तिला पुढं येऊ द्या. मी पहिल्यापासून सुरुवात करतो."

'सरका' म्हणताना आबा दोन्ही हात पसरायचे आणि अख्खा विहार बसल्या जागी मागं सरकायचा. म्हातारेकोतारे, पोरंसोरं, बाया, सगळे. पुढं मधोमध एका माणसापुरती जागा मोकळी व्हायची, आणि त्या संध्याकाळपुरती ती तशीच मोकळी ठेवायची. सांगवीची ही रीत. दुसऱ्या कुठल्या गावात ती नाही, हे सांगवीकरांना माहीत नव्हतं. सगळ्यात आधी सरकायची ती दगडाबाई. गुडघ्यांनी घाईला आलेली, पण त्या दिवशी तळवे जमिनीला टेकवून तयारीत बसायची. "माझ्या ढोपरांचं काय बी हुंदे," ती म्हणायची, "बाईला जागा झाली पायजे."

आबांना हे सगळं मिळालं होतं तात्याबांकडून. विहार उभा राहिला तेव्हाचे ते पहिले वाचक. कचरू तरुणपणी त्यांच्या पायाशी बसून शिकला. कुठं थांबायचं, कुठं आवाज पाडायचा, कुठं हात पसरायचे, सगळं त्यांचं बघून. तात्याबा गेले, त्यांची बायको ताईबाई लेकीकडं इंदापूर तालुक्यातल्या कळंबला राहायला गेली, आणि ग्रंथ कचरूच्या हातात आला.

मग गावात केबल आली. बारामतीहून काळी वायर खांबाखांबांवरून झोके घेत सांगवीत उतरली आणि विहाराच्या शेजारच्या घरातही शिरली. आबांनी तोंड उघडायला आणि मालिकेचं गाणं सुरू व्हायला एकच गाठ पडायची. पहिल्या वर्षी पोरी गेल्या, दुसऱ्या वर्षी त्यांच्या आया. शेवटी राहिल्या दगडाबाई आणि तिच्यासारख्या चार-सहा जणी, त्यातल्या दोघी झोपायलाच येणाऱ्या. आबा मोठ्यांदा वाचू लागले, भरभर चालू लागले. राजाचा आवाज घशातच फाटायला लागला. घरी आले की अंगणात फेऱ्या. "आवो, जिमिनीला भोक पडंल," कौसल्या ओरडायची.

अशात एकोणीसशे नव्व्याण्णवच्या वर्षावासात विकी आला. विकी म्हणजे आबांच्या धाकट्या भावाचा मुलगा. बारामतीत त्यानं कॉम्प्युटरचे क्लास काढले होते. त्यानं खिशातून चकाकणारी एक चकती काढून आबांच्या हातावर ठेवली.

"आबा, पुण्याच्या एका मंडळानं आख्खा ग्रंथ शीडीवर भरलाय. पहिल्या पानापासनं शेवटापर्यंत. अशा चार हाईत."

आबांनी चकती उलटीपालटी केली. तिच्यात त्यांना स्वतःचंच तोंड दिसलं. "हितं तर काय लिवल्यालं दिसंना."

"ती वाचायची नसती. लावायची असती. मी कॉम्प्युटर आणतो, दोन मोठं बॉक्स आणतो. लोक ऐकायला येत न्हाईत, बघायला तरी येत्याल."

"आन् मी काय करू?"

"तुमी बसा की निवांत!"

विकी प्रेमानं म्हणाला, पण आबांना ते शिवीसारखं लागलं.

पहिल्या संध्याकाळी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. चौरंगावर कॉम्प्युटर, पडद्यावर बोधिवृक्षाचं चित्र, खाली आवाजाच्या तालावर उड्या मारणाऱ्या हिरव्या रेघा. आवाज कुणा रेडिओवरच्या माणसासारखा, गोल, स्वच्छ, एक अक्षर न अडखळणारा. वर्षानुवर्षं इकडं न फिरकलेल्या पोरी आल्या, गोठ्यातून थेट बाप्ये आले, धारेचा वास घेऊन. ज्यांना अक्षर लागत नव्हतं, ज्यांना आबांचा फाटका आवाज शेवटच्या रांगेत पोचत नव्हता, ते सगळे माना वर करून ऐकत होते. आबा मागच्या खांबाशी उभे. त्यांचे ओठ आवाजाच्या बरोबरीनं हलत होते; मधेच आवाज पुढं निघून जायचा आणि ओठ मागंच हलत राहायचे, पण त्या गर्दीत ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. आवाज चांगलाच होता, हे त्यांना कबूल करावं लागलं. लोक परत आले होते. त्यांना आनंदही झाला, आणि तो कुठं ठेवायचा ते कळेना. खांबाभोवती त्यांनी इतक्या प्रदक्षिणा घातल्या की दगडाबाईनं वळून दम दिला, "कचरू, उभा तरी ऱ्हा, न्हायतर भाईर जाऊन नाच!"

दिवस गेले. पौर्णिमा गेली, पोळा गेला, आणि भाद्रपदात बाईचा दिवस आला. हे कुणाला सांगावं लागलं नाही. आधीचा भाग वाचून झाला की दुसऱ्या दिवशी ती येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी विहार दाटीवाटीनं भरला. आवाज बोलत होता. प्रवचन रंगात आलं. दगडाबाईनं तळवे जमिनीला टेकवले. मागं आबांचे हात आपोआप कोपरापासून उचलले गेले.

आवाजानं श्वास घेतला आणि पुढचं प्रकरण सुरू केलं.

दगडाबाई अर्धी उचललेली तशीच राहिली. कुणी सरकलं होतं, कुणी नव्हतं. दोन रांगा एकमेकींच्या मांडीवर बसल्या.

"आगं बाई! आपली बाई कुठं गेली?" बायकांतून आवाज आला.

विकीनं मागं नेलं. परत लावलं. प्रवचन, श्वास, पुढचं प्रकरण. पुन्हा मागं नेलं. पुन्हा तेच.

"ह्या डबड्यानं बाई गिळली!" दगडाबाईनं निकाल दिला.

"गिळली न्हाय, गाळली," समाधान उठून उभा राहिला. हा बारामतीच्या एमआयडीसीत कामाला, गावातल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष, आणि निवेदन लिहिण्यात पटाईत. "मुद्दाम गाळली. गरीब कामकरी बाईची गोष्ट हाय ना, म्हणून. पुण्याच्या मंडळाला निवेदन द्यायचं. गोष्ट परत भरून द्या, न्हायतर आमी समदी येऊन तुमच्या दारात बसतो. आन् विक्या, असला अर्धवट माल तू विहारात आणलासच कसा?"

"मी काय केलं? मी इकत घेतलं!" विकीचे कान लाल झाले.

"तवर हे बंद," समाधान म्हणाला आणि त्यानं वायर ओढली. हिरव्या रेघा विझल्या. "आबा, तुमी फकस्त पान नंबर सांगा. वाचक म्हणून सही करा. बाकीचं मी लिवतो."

आबांनी मान डोलावली. त्यात काय अवघड.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ग्रंथ उघडला आणि कितीतरी वर्षांनी त्याच्यावर डोळे टेकवले. प्रवचन सापडलं. त्याच्या पुढच्याच ओळीला बाई यायला हवी होती. पुढच्या ओळीला दुसरंच होतं. त्यांनी मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं. पान गळालं असेल म्हणून आकडे लावले, ते एकामागं एक नीट होते. मग सुरुवातीपासून चाळत शेवटापर्यंत गेले, शेवटाकडून सुरुवातीला आले. चहा गार झाला.

"काय हरवलंय?" कौसल्यानं विचारलं.

"बाई."

"कंची?"

आबा पुन्हा पहिल्या पानावर गेले.

आपल्याच प्रतीत छापायचं राहिलं असेल. आबा बारामतीला गेले. तिथल्या वाचनालयात दुसऱ्या वर्षी छापलेली प्रत होती. ती त्यांनी कपाटापाशी उभ्यानंच धुंडाळली. बाकावर बसा म्हणून तिथल्या ग्रंथपाल दोनदा सांगून गेल्या. बाई तिथंही नव्हती. परत येताना समाधान भेटला. "आबा, नंबर?" आबा म्हणाले, "बघतूय." दुसऱ्या दिवशी पुन्हा. "आबा, निवेदन तयार हाय, तेवढी जागा कोरी सोडलीय." विहाराला कुलूपच होतं. दिवेलागणीला मालिकेचं गाणं आलं की आबा उंबऱ्यावर उभे राहायचे, आत वळायचे, पुन्हा उंबऱ्यावर. वर्षावासात विहार मुका, असं कधी झालं नव्हतं. आणि मुका झाला तो एका पानासाठी, जे त्यांनी शेकडो माणसांना वाचून दाखवलं होतं. त्यांना दिसत होतं ते पान. डाव्या हाताचं. वरून तिसरी-चौथी ओळ, 'सरका.'

एकच जागा बघायची राहिली होती. तात्याबांची स्वतःची प्रत. ती ताईबाईनं कळंबला नेली होती.

वालचंदनगरच्या एसटीत जागा होती तरी आबा दांडी धरून उभे राहिले. भवानीनगर गेलं, जंक्शन नावाचं गाव आलं. कंडक्टर म्हणाला, "बाबा, बसण्याचं येगळं तिकीट न्हाय." वालचंदनगरला उतरून ते कळंबला चालत गेले. कडेला उसाचे फड अंगावर आल्यासारखे उभे होते.

ताईबाईची लेक करुणा अंगणवाडीत शिकवायची. तिचं घर कळंबच्या कडेला. ओट्यावर ताईबाई शेंगा फोडत बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण पावलं वाजल्याबरोबर म्हणाली, "कचरू हाय व्हय? दुसरं कोण आसं घाईघाईनं येतंय. बस."

"जय भीम, वयनी. बसत न्हाय. तात्याबांचा ग्रंथ हाय का?"

करुणानं ग्रंथ आणून दिला. आबांनी तो खांबाला टेकून उघडला, भराभरा पानं उलटली, त्या जागी आले. प्रवचन. त्याच्यापुढं दुसरंच. त्यांनी ग्रंथ मिटला, पुन्हा उघडला, जणू मधल्या वेळात बाई येऊन बसेल.

"काय शोधतूयास येवढं?"

"ती उशिरा आल्याली बाई. प्रवचनाला. तथागत म्हणत्यात, सरका, तिला पुढं येऊ द्या. कुठल्याच ग्रंथात घावंना, वयनी."

ताईबाईच्या हातातली शेंग फुटायची थांबली. मग ती हसली. आधी नाकातल्या नाकात, मग पदर तोंडाला लावून.

"ती ग्रंथात कशी आसंल? ती मी हाय की रं."

करुणानं आईकडं पाहिलं. तिलाही हे नवं होतं.

"मी खुरपायला जायची," ताईबाई म्हणाली. "मग मालकाच्या गोठ्यात धारा. मग विहारात. जाईस्तवर निम्मं उरकल्यालं. बसायची चपलांपाशी. रोज मधलंच आईकायचं. घरी गेल्यावर ह्यास्नी म्हणायची, आवो, सुरुवातीला काय झालं? तर म्हणायचं, उद्या सांगतो. वाचून वाचून घसा बसल्याला. उद्या कधी उजाडलाच न्हाय. येक दिस मी भांडले. म्हणलं, जगाला वाचून दाखवता आन् घरच्या माणसाला चपलांत बसवता? दोन दिस बोलले न्हाय. तर तिसऱ्या दिशी ह्यांनी वाचता वाचता ती बाई घातली मधी. मला न्हाय सांगितलं काय. मला करुणाच्या मावशीनं सांगितलं म्हागनं."

"मग तुमी त्या जागंवर..."

"कुठली जागा! मी आले आन् बघते तर फुडं मोकळी जागा. म्हणलं कुणा मोठ्या माणसाची आसंल, येणार आसंल कुणीतरी. मी आपली बसले चपलांपाशी." ती पुन्हा हसली, पण या वेळी हसू लवकर संपलं. "आन् खरं सांगू का, कचरू? जागा दिली ह्यांनी. पर पहिल्यापासनं सुरुवात काय केली न्हाय. समद्या लोकांचा येळ, त्यांचं बी बरूबर. सुरुवात काय हाय, ते मला अजून ठावं न्हाय."

आबा ओट्याच्या पायरीवर बसले. बसले हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. करुणानं आणलेला चहा त्यांनी बसूनच प्यायला.

परतताना ते बारामतीत विकीच्या क्लासवर गेले. पोरं गेली होती, यंत्रांवर कापडं टाकली होती. आबांनी कळंबची सगळी हकीकत सांगितली. विकी खुर्चीतून उडालाच.

"म्हंजी माझी शीडी खरी हाय!"

"हाय."

"मंग सोप्पंय. आबा, कुणाला काय सांगू नगा. ती गोष्ट तुमच्या आवाजात हितं भरू, बरूबर त्या जागी चिकटवू. समाधान खूश, दगडाबाय खूश. कुणाला कळायचं न्हाय. आन् तुमचा आवाज कायमचा ऱ्हाईल आत. तुमी नसला तरी वाजंल."

कायमचा. हा शब्द आबांना गोड लागला. मालिकेच्या गाण्यानं ज्या आवाजाला हाकलून लावलं, तो कायमचा. विकीनं माइक पुढं केला. वायर आखूड होती, चालता येईना. आबांनी खुर्चीची पाठ धरली, डोळे मिटले आणि गोष्ट सांगितली. चिखलाचे पाय आले, खुरपं आलं, "सरका" आलं. हात पसरताना त्यांचा धक्का लागून कळफलक खाली पडला, तेवढंच.

विकीनं लावून दाखवलं. आबांनी आपला आवाज असा बाहेरून कधी ऐकला नव्हता. पण खोक्यातून आला तो त्यांचा नव्हताच. तो उसासा तात्याबांचा, 'सरका'च्या आधीचा तो थांबाही तात्याबांचा. आणि मग त्या आवाजानं शब्द दिला, "मी पहिल्यापासून सुरुवात करतो." आणि आवाज संपला. यंत्राची घरघर ऐकू येऊ लागली. कुणी कसलीही सुरुवात केली नाही.

आबांनी खोलीला दोन चकरा मारल्या. तिसरीला थांबले.

"विकी, हे पुस."

"आवो, येवढं झ्याक झालंय!"

"पुस म्हणतो ना. आन् मला सांग, ह्ये तुझं मशीन पहिल्यापासनं लागतं का? आपलं आईकून झाल्यालं आसलं तरी?"

"कितीबी येळा. त्याला काय घसा हाय व्हय?"

रविवारी विहाराचं कुलूप निघालं. समाधान कागद घेऊन पुढं बसला होता, पेनचं टोपण काढून. आबा उभे राहिले. नेहमी पंचशील म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. त्या दिवशी खोटं न बोलण्याचं शील म्हणताना तो जरा खालीच राहिला.

"पान नंबर न्हाय," ते म्हणाले. "बाई ग्रंथात न्हाय. पुण्याच्या लोकांनी काय गाळलं न्हाय. ती तात्याबांनी घातली, आन् मी ग्रंथातली समजून वाचत आलो."

शेजारच्या घरातला टीव्ही तेवढा ऐकू येत होता.

"मंग इतकी वर्सं मी कुणासाठी सरकले?" दगडाबाईचा आवाज चढला.

"ताईबाई वयनीसाठी."

"आपल्या ताईबायसाठी? कळंबच्या?" दगडाबाई चपापली, मग चिडलीच. "मंग तोंड नव्हतं का तिला? सांगितलं आसतं तर आमी आसं बी सरकलो नसतो व्हय!"

बायकांत खसखस पिकली. समाधान हसला नाही. त्यानं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "बरं झालं, पोष्टात टाकलं न्हवतं," तो म्हणाला. मग थांबून, नजर चुकवत, "आबा, राग मानू नगा. पर मंग तुमी वाचता त्यातलं अजून काय काय ग्रंथात न्हाय?"

हा प्रश्न आबांना एसटीतच भेटला होता. कळंबपासून तो त्यांच्या मानगुटीवर बसून आला होता. वाचक म्हणून उभं राहायचं की नाही, ते त्याच्या उत्तरावर ठरणार होतं.

"मला ठावं न्हाय," आबा म्हणाले. "तेच आईकायचंय. पहिल्या पानापासनं. मी बी तुमच्यात बसून आईकतो. ग्रंथ हातात घेऊन, ओळीवर बोट ठिवून. जितं माझं काय निघंल तितं मी सांगंन, ह्ये माझं, ह्ये ग्रंथाचं. मग ठरवा, पुढच्या वर्सी मी वाचायचं का न्हाय."

"आता पहिल्यापासनं?" मागून एकजण वैतागला. "निम्मा वर्षावास झाला की!"

"झालं तेवढं झालं. येका माणसाचं पहिल्यापासनं ऱ्हायलंय."

काहीजण उठून गेले. मालिकेची वेळही झाली होती. बरेच राहिले. विकी जीप घेऊन कळंबला जायचा ठरला, आणि आश्चर्य म्हणजे समाधानच म्हणाला, मी बी येतो, म्हातारीला चढवायला दोघं लागतील.

दोन दिवसांनी ताईबाई आली. नवं लुगडं, हातात काठी, दुसरा हात करुणाच्या खांद्यावर. जीप जंक्शनला बंद पडल्यामुळं यायला उशीर झाला होता. विहार भरला होता, यंत्र सुरू करायचं थांबवलं होतं. दारात आल्याबरोबर तिनं काठीनं चपला चाचपल्या, त्यांच्याजवळची भिंत चाचपली आणि खाली बसायला लागली. अगदी रोज बसत असल्यासारखी.

"ए ताईबाय!" दगडाबाई कडाडली. "तितं बसशील तर बघ!" आणि तळवे टेकवून सरकली. तिच्यामागं सगळा विहार सरकला. या वेळी कुणी हात पसरले नव्हते. आबा तर खाली बसलेले, मांडीवर ग्रंथ उघडा, डोळ्यांना चष्मा. ताईबाई माणसांच्या मधून चाचपडत पुढं आली. लोक तिचा हात एकमेकांकडं देत होते. ती मोकळ्या जागी बसली आणि कुजबुजली, "हितं कुणी येणार तर न्हाय ना?"

"कोण न्हाय," करुणा म्हणाली.

विकीनं यंत्र सुरू केलं. गोल, स्वच्छ आवाज बोलू लागला. ताईबाई मान वाकडी करून, एक कान पुढं काढून ऐकत होती. तोंड किंचित उघडं. आबांचं बोट ओळीवरून सरकत होतं. मांडी अवघडली होती, पाय शिवशिवत होते, तरी ते उठले नाहीत. आवाज सांगत होता राजांची नावं, त्यांच्या वाडवडलांची नावं, गावांची, नद्यांची, कुळांची. कोण कुणाचा मुलगा, कुणाचं राज्य कुठवर.

बराच वेळ गेला. ताईबाईनं काठी जमिनीवर आपटली.

"थांब म्हण त्येला जरा."

विकीनं थांबवलं.

"कचरू, ह्यीच व्हय सुरुवात?"

"ह्यीच, वयनी." आबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मी ही सुरुवात वाचताना लई भर घालायचो. रथ, घोडं, तुताऱ्या. त्यातलं काय हितं न्हाय. ते समदं माझं."

"आरं, नुसती नावं-गावं!" ताईबाई म्हणाली. "आन् मी आपली जलमभर म्हणतीय, काय आसंल, काय आसंल! ह्यांनी येका वाक्यात सांगितलं आसतं तर भांडण मिटलं आसतं की!"

विहार हसला. पोरी हसल्या, बाप्ये हसले, दगडाबाईला खोकला लागला. आबाही हसले, पण त्यांचं बोट ओळीवरच होतं. ती ओळ सोडायचा त्यांना धीर होत नव्हता.

हसू ओसरेपर्यंत ताईबाई थांबली. तिनं पाय जरा पसरले, लुगड्याचा काठ नीट केला, काठी आडवी मांडीवर घेतली.

"आसू दे," ती म्हणाली. "पुढं लाव."

"पुढचं तुमाला ठावं हाय की, आजी," विकी म्हणाला.

"ठावं हाय ते मधलं. त्येच्या आधीचं अजून लई आसंल. लाव तू." मग आबांच्या दिशेला मान वळवून, "आन् कचरू, त्येच्यात कुणाचं काय कळलं न्हाय तर मी इचारीन. तू हितंच ऱ्हा."